शुक्रवारी सकाळी प्रेसने न चालताच २४,३३६ नग काढले

पुण्याजवळच्या भोसरीतलं एक प्रेस शॉप, म्हणजे पत्रा ठोकून पार्ट काढणाऱ्या प्रेसचा कारखाना. शुक्रवारी सकाळी सातला फर्स्ट शिफ्टचा सुपरवायझर आत आला तेव्हा भिंतीवरच्या स्क्रीनवर तीन नंबरच्या प्रेससमोर २४,३३६ नग लागलेले. प्रेसची मेन मोटरसुद्धा अजून कोणी चालू केली नव्हती. त्याने फोटो काढून मला पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं, ‘भाऊ, भुताने लावलीये का पाळी?’

त्याच्या आधीच्या शुक्रवारीही असंच झालं होतं, आकडा वेगळा होता. तेव्हा सिस्टम पुरवणाऱ्याच्या माणसाने फोनवरूनच गेटवे (मशिनचे आकडे गोळा करून सर्व्हरला पाठवणारा डबा) रीस्टार्ट करायला सांगितलं, आकडा पुसला आणि तक्रार बंद केली. आठवडाभर स्क्रीन बऱ्यापैकी बरोबर, आणि शुक्रवारी पुन्हा तेच.

जुन्या मशिनवर सेन्सर आणि मॉड्यूल (सेन्सरचे सिग्नल मोजणारं छोटं यंत्र) बसवून त्यांचा काउंट मॉनिटरिंग सिस्टमपर्यंत पोचवणं हे माझं काम. ‘काउंट जुळत नाही’ या एका वाक्यात निम्म्याहून जास्त फोन येतात. पण या वाक्याखाली दहा-बारा वेगवेगळे आजार असतात, आणि त्या सगळ्यांवर रीस्टार्ट हे एकच औषध देण्याची पद्धत पडली आहे. रीस्टार्टने आजार जात नाही, फक्त पुरावा जातो. म्हणून पहिली विनंती: आकडा चुकलेला दिसला की काहीही बंद-चालू करायच्या आधी स्क्रीनचा, गेटवेवरच्या दिव्यांचा आणि मॉड्यूलवरच्या दिव्यांचा फोटो काढून ठेवा.

आधी चुकीचा स्वभाव बघा

आकडा किती चुकला यापेक्षा कसा चुकतो हे जास्त कामाचं. खऱ्यापेक्षा थोडा थोडा जास्त येतो का? मग प्रेसच्या एका स्ट्रोकला (एका ठोक्याला) सेन्सरकडून दोन-तीन पल्स, म्हणजे सिग्नल, जात असतील, किंवा सेटिंगचे स्ट्रोक मोजले जात असतील. थोडा थोडा कमी येतो? पल्स फार लहान आहे, किंवा मॉड्यूलचा फिल्टर (फार छोटे सिग्नल टाळणारं सेटिंग) तो गिळतोय. एकदम हजारोंनी उडी मारतो? तिथे सेन्सरकडे बघूच नका, ते हिशोबाचं किंवा रजिस्टरचं (मॉड्यूलमध्ये आकडा ठेवायच्या जागेचं) काम आहे. मिनिटाला बरोबर तीन किंवा सहा हजारांनी वाढतो? ते एसी सिग्नलचं दुखणं, खाली सांगतो. दिवसाची बेरीज बरोबर पण पाळ्यांची वाटणी चुकीची? घड्याळ. आणि फक्त एका ठरावीक वारी किंवा ठरावीक वेळी चुकतो? मग त्या वेळी शॉपमध्ये आणखी काय होतं ते विचारा.

इथे उत्तर समोरच होतं. गुरुवारी आपल्या पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी असते, जाताना कोणीतरी मेन स्विच खाली पाडतो. प्रेसवरच्या इनपुट मॉड्यूलमधला काउंटर बॅटरीशिवायचा, वीज गेली की शून्यावर. बुधवारी रात्री तो ४१,२०० वर होता, शुक्रवारी सकाळी शून्य. गेटवेमधल्या प्रोग्रॅमने विचार केला, की हा काउंटर १६ बिटांचा आहे, ६५,५३५ नंतर पुन्हा शून्यावर येतो, म्हणजे हा नक्कीच वळसा घालून आला असणार. ६५,५३६ वजा ४१,२०० किती? २४,३३६. भूत सापडलं.

वळशाचा हिशोब मुळात चूक नाही. मिनिटाला ६० स्ट्रोकची प्रेस सलग चालली तर साधारण १८ तासांत हा काउंटर भरतो, त्यामुळे वळसा धरावाच लागतो. चूक एवढीच, की खरा वळसा आणि वीज जाऊन झालेलं शून्य यात प्रोग्रॅम फरक करत नव्हता. आता दोन वाचनांच्या मधल्या, वीज चालू असलेल्या वेळात मशिन जास्तीत जास्त किती स्ट्रोक मारू शकते ते आधी बघतो, आणि त्याहून मोठी उडी आली तर ती नग म्हणून न मोजता ‘काउंटर रीसेट’ म्हणून नोंदवतो. मॉड्यूलने आपण किती वेळ चालू आहोत हे सांगितलं तर अजून उत्तम. ज्या मॉड्यूलमध्ये काउंट वीज गेल्यावरही टिकतो ते थोडं महाग असतं, पण नवीन घेत असाल तर तेच घ्या.

आकडा पहिल्यांदा कुठे फुटतो

शुक्रवारचं भूत गेल्यावर वाटलं काम झालं. दुसऱ्याच दिवशी फोन: दोन नंबरची प्रेस, स्क्रीनवर १,२४०, क्रेटमध्ये १,१९६. पुन्हा गेलो. गेटवेचे लॉग चाळत बसलो होतो. पाच नंबरवरचे जुने ऑपरेटर, त्यांना सगळे मामा म्हणतात, चहाच्या वेळी शेजारी येऊन म्हणाले, “साहेब, डब्यात काय बघताय? तासभर मशिनपाशी उभे राहा ना.”

ते खरंच होतं. तेव्हापासून मी पद्धत ठरवून घेतली आहे. एक तास उभं राहायचं आणि एकाच वेळी चार आकडे लिहायचे: क्रेटमध्ये पडलेले नग, सेन्सरच्याच वायरवर समांतर जोडलेल्या साध्या २४ व्होल्टच्या टोटलायझर काउंटरचा (पल्स मोजून बेरीज दाखवणाऱ्या छोट्या मीटरचा) आकडा, मॉड्यूलच्या रजिस्टरमधला आकडा लॅपटॉपवरून थेट वाचून, आणि स्क्रीनवरचा आकडा. हे चार आकडे एका रांगेत लिहिले की पहिल्यांदा जिथे फरक पडतो, त्याच्या लगेच अलीकडे दोष असतो. नग आणि टोटलायझर यातच फरक असेल तर दोष सेन्सरमध्ये किंवा आपण काय मोजतोय त्यात. टोटलायझर बरोबर आणि मॉड्यूल चूक, तर इनपुट फिल्टर. मॉड्यूल बरोबर आणि स्क्रीन चूक, तर वायर, गेटवे किंवा सर्व्हर. काम कंटाळवाणं आहे. पण यानंतर अंदाजाने पार्ट बदलायची वेळ माझ्यावर फारशी आलेली नाही.

टोटलायझर काढून नेऊ नका, पॅनलवर कायमचा राहू द्या. ऑपरेटरला समोर एक आकडा दिसतो आणि पुढच्या वेळी भांडण पाच मिनिटांत मिटतं.

दोन नंबरच्या प्रेसचं काय झालं

टोटलायझरही १,२४० च्या बाजूलाच होता. म्हणजे सेन्सरच जास्त पल्स देत होता. क्रँक शाफ्टच्या टोकाला एक पट्टी वेल्ड केलेली आणि तिच्यासमोर एम१२ चा, म्हणजे १२ मिलिमीटर जाडीचा प्रॉक्सी (धातू जवळ आला की सिग्नल देणारा सेन्सर). बसवणाऱ्याने पट्टी अशी लावली होती की रॅम (प्रेसचा वर-खाली जाणारा भाग) वर थांबला, म्हणजे टॉप डेड सेंटरला, की ती प्रॉक्सीच्या बरोबर काठावर यायची. जुनी प्रेस, ब्रेकचं लायनिंग झिजलेलं, त्यामुळे थांबण्याची जागा रोज थोडी पुढे-मागे. आणि शेजारची मोठी प्रेस हाणली की ही थरथरते. पट्टी काठावर असली की त्या थरथरीत प्रॉक्सीचा दिवा लुकलुकायचा. प्रेस उभी, ऑपरेटर पाणी प्यायला गेलेला, आणि काउंट वाढतोय.

उपाय फुकटचा निघाला. पट्टी कापून खालच्या बाजूला, बॉटम डेड सेंटरच्या जवळ लावली. तिथे प्रेस कधीच थांबत नाही, स्ट्रोक पूर्ण होतानाच पट्टी समोरून जाते. पुढच्या तासात चारही आकडे एकच.

प्रॉक्सी लावताना आणखी दोन गोष्टी. फ्लश बसणाऱ्या एम१२ ची पकड जेमतेम २ मिलिमीटरची असते, तीही लोखंडी पट्टीसाठी. ॲल्युमिनियम किंवा पितळेची पट्टी लावली तर ती निम्म्याच्याही खाली येते. ज्या शाफ्टचं बुश झिजलंय तिथे २ मिलिमीटरवर विसंबून राहण्यात अर्थ नाही. जागा असेल तर एम१८ लावा, पकड ५ मिलिमीटर मिळते.

दुसरी गोष्ट पल्सच्या लांबीची. समजा चकतीचा व्यास २०० मिलिमीटर, म्हणजे परीघ साधारण ६२८. पट्टी २० मिलिमीटर रुंद आणि प्रेस मिनिटाला ६० स्ट्रोकची. पट्टी प्रॉक्सीसमोर फक्त ३२ मिलिसेकंद असते. गेटवे दर अर्ध्या सेकंदाने ‘इनपुट चालू आहे का’ विचारत असेल तर बहुतेक स्ट्रोक त्याला दिसणारच नाहीत. असं सेटिंग मी एका नव्या कोऱ्या सिस्टममध्ये पाहिलं आहे. स्क्रीनवर दर तासाला दोन-चारशे नग यायचे आणि मालक ऑपरेटरवर ओरडायचा. मोजणी मॉड्यूलच्या आतच झाली पाहिजे, गेटवेने फक्त झालेली बेरीज उचलायची. मग एखादं वाचन हुकलं तरी पुढच्या वाचनात सगळं भरून निघतं. मॉड्यूलचा इनपुट फिल्टरही बघा: १० मिलिसेकंद चालेल, ५० ठेवला तर ३२ चा पल्स तो सरळ गिळून टाकेल.

एवढं करूनही पाळीला तीस-चाळीसचा फरक राहत होता, पण आता तो फरक खरा होता. डाय (साचा) बदलल्यावर सेटर जे स्ट्रोक मारतो तेही स्ट्रोकच आहेत, प्रॉक्सीला काय कळणार. शिवाय एका पार्टची डाय दोन कॅव्हिटीची होती, एका स्ट्रोकला दोन नग, आणि सिस्टममध्ये गुणाकार एकच टाकलेला. हे प्रश्न सेन्सर वाढवून सोडवायला जाऊ नका. पॅनलवर सेटिंग-प्रॉडक्शन असा एक चावीचा स्विच लावला आणि पार्ट नंबरसोबत कॅव्हिटी भरायला लावली, काम झालं. सेटर चावी फिरवायला विसरतो का? विसरतो. तरी चाळीसचा फरक पाच-सहावर आला.

आणि एक गोष्ट ठणकावून: प्रेसच्या टू-हँड बटणांच्या, लाइट कर्टनच्या किंवा इमर्जन्सी स्टॉपच्या वायरीतून काउंटसाठी टॅप घेऊ नका. ‘तिथे सिग्नल तयारच आहे’ असं म्हणणारे भेटतात. त्या सर्किटमध्ये तुमच्या मॉड्यूलमुळे एक दोष शिरला तर जाणारी बोटं ऑपरेटरची असतील.

एकशेदहा व्होल्टचं गौडबंगाल

जुन्या मशिनच्या पॅनलमध्ये कंट्रोल सर्किट बहुतेक वेळा ११० व्होल्ट एसीवर असतं. आपली मॉड्यूल्स २४ व्होल्ट डीसीची. मधे ऑप्टोकपलरची (दोन सर्किट न जोडता सिग्नल पलीकडे देणारी) पट्टी लावून सोलेनॉइडचा (विजेने चालणाऱ्या व्हॉल्व्हच्या कॉइलचा) सिग्नल घ्यायचा मोह होतो. पण एसी दर सेकंदाला १०० वेळा शून्यातून जातो. ऑप्टोमध्ये नीट फिल्टर नसेल तर प्रत्येक शून्याला आउटपुट पडतो आणि काउंटर मिनिटाला ६,००० ने धावतो. अर्ध्याच वेव्हवर चालणारा ऑप्टो असेल तर ३,००० ने. वर सांगितलेली तीन-सहा हजारांची खूण ती हीच. ११० व्होल्ट एसी कॉइलचा एक छोटा रिले मधे टाका, त्याचा कोरडा (स्वतःचं व्होल्टेज नसलेला) कॉन्टॅक्ट मॉड्यूलला द्या, कॉइलवर आरसी स्नबर (बंद होतानाचा झटका शोषणारा) लावा. रिलेचा कॉन्टॅक्टही बंद होताना काही मिलिसेकंद नाचतो, म्हणून इनपुट फिल्टर इथेही हवाच.

उलट बाजूचा दोषही बघितलाय. तिथे रिले न टाकता जुन्या कॉन्टॅक्टरचाच रिकामा ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट वापरलेला. मीटरने कंटिन्युइटी येते, काउंट मात्र कधी येतो कधी नाही. वीस वर्षांत कॉन्टॅक्टवर काळा थर बसलेला असतो. ११० व्होल्टला तो थर अडवत नाही, पण २४ व्होल्टवरच्या पाच-सात मिलिअँपिअरला अडवतो. घासून बसू नका, हलक्या करंटसाठी सोन्याचा मुलामा दिलेल्या कॉन्टॅक्टचा रिले मिळतो तो लावा.

तिसरा प्रकार: सिग्नल बंद असूनही इनपुट चालू दिसतो. मल्टिमीटर ४०-५० व्होल्ट दाखवतो. हे बहुतेक वेळा सॉलिड स्टेट आउटपुटमधून गळणारा करंट असतो, किंवा शेजारच्या वायरीतून आलेलं नुसतं दिखाऊ व्होल्टेज. साधा टेस्ट लॅम्प लावून बघा. लॅम्प लावताच व्होल्टेज बसलं तर त्यात दम नाही हे कळतं. डिजिटल मीटरपेक्षा चाळीस रुपयांचा होल्डर-बल्ब इथे जास्त खरं बोलतो.

सीएनसीवर एम३० चा भरवसा

फानुक कंट्रोलच्या सीएनसी, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या लेथवर काउंट घेताना सगळे एम३० कडे (प्रोग्रॅम संपल्याच्या कोडकडे) बघतात. ०आय, १८, २१ या मालिकांमध्ये पार्ट काउंट पॅरामीटर ६७११ मध्ये असतो आणि प्रोग्रॅम एम०२ किंवा एम३० ला संपला की तो एकने वाढतो. अगदी जुन्या ०-टी, ०-एम मध्ये नंबर वेगळे आहेत, तिथे मशिनचंच पुस्तक काढा. पण बार फीडर (गज आपोआप पुरवणारं यंत्र) लावलेल्या लेथचा प्रोग्रॅम एम९९ ने वर उडी मारून फिरत राहतो, एम३० येतच नाही. अख्खी पाळी मशिन चालते आणि स्क्रीनवरचा काउंट हलतच नाही. यावर इलाज सोपा आहे: ६७१० मध्ये एक रिकामा एम कोड टाका आणि तोच कोड प्रोग्रॅममध्ये एम९९ च्या आधी लिहा. तो कोड मशिनच्या लॅडरमध्ये (आतल्या कंट्रोल प्रोग्रॅममध्ये) दुसऱ्या कशाला वापरलेला नाही ना, हे मात्र आधी तपासा.

इथरनेट असलेल्या कंट्रोलवर फानुकच्याच फोकास लायब्ररीने हे थेट वाचता येतं, पोर्ट बहुधा ८१९३. ज्यांच्याकडे फक्त आरएस-२३२ (जुना सीरियल पोर्ट) आहे त्यांना कोणीतरी सल्ला देतं, की मॅक्रोमधून डीपीआरएनटी (पोर्टवरून ओळ बाहेर पाठवणारी आज्ञा) लिहा, प्रत्येक पार्टला एक ओळ बाहेर येईल. मीही ते केलंय. मॅक्रोचा ऑप्शन होता, केबल सगळ्या हँडशेकसकट (समोरचा तयार आहे का विचारणाऱ्या वायरींसकट) जोडली, दोन दिवस मस्त चाललं. तिसऱ्या रात्री गेटवेची एसएमपीएस (पॉवर सप्लाय) गेली. डीपीआरएनटीची ओळ आली, समोर कोणी तयार नाही, कंट्रोलने ०८६ अलार्म दिला आणि मशिन सायकलमध्येच उभं. रात्री अडीचला मालकाचा फोन. काउंट घ्यायला गेलो आणि प्रॉडक्शनच बंद पाडलं. हँडशेकच्या पिना कनेक्टरमध्येच जंपर करून अलार्म टाळता येतो, पण मग ऐकणारा नसताना ओळी हवेत जातात आणि काउंट कमी येतो. त्यात त्याच पोर्टवरून प्रोग्रॅमही चढवायचे असतात. चालू प्रॉडक्शनच्या मशिनवर मी आता डीपीआरएनटी वापरत नाही. एक रिकामा एम कोड, एक रिले, एक इनपुट. दिसायला अडाणी, पण गेटवे जळाला तरी मशिन चालू राहतं.

जुन्या सीएनसीचं पॅनल बंद करण्याआधी मेमरी बॅटरी बघा. बॅटरी मेलेली असेल आणि तुम्ही रिले बसवायला तासभर पॉवर बंद ठेवली, तर पॅरामीटर आणि प्रोग्रॅम उडतात आणि मग काउंटचा विषय कोणी काढत नाही. बॅटरी बदलायची ती कंट्रोल चालू असताना. पॅरामीटरचा बॅकअप नसेल तर त्या दिवशी फक्त बॅकअप घ्या, बाकी काम दुसऱ्या दिवशी.

करंट क्लॅम्पबद्दल थोडंसं. ‘वायर न कापता मशिनची स्थिती कळते’ म्हणून ते विकले जातात, आणि कूलंट पंप किंवा हायड्रॉलिक पॉवरपॅक चालू की बंद एवढ्यासाठी ठीक आहेत. पण फ्लायव्हीलच्या प्रेसमध्ये मोटर सतत फिरते, स्ट्रोक मारला काय आणि नाही काय. साध्या लेथवर इंडक्शन मोटर बिनकामाची फिरतानाही पूर्ण लोडच्या ३० ते ५० टक्के करंट घेते, त्यामुळे हलका कट आणि रिकामं फिरणं यात फरक काढणं अवघड. ते हवंच असेल तर नुसता करंट न बघता पॉवर मोजणारं मीटर लावा.

वायर: साठ ओहमची परीक्षा

मॉड्यूलमध्ये आकडा बरोबर, स्क्रीनवर अडकलेला किंवा मधेच गायब, तर आरएस-४८५ ची लाइन (सगळी मॉड्यूल्स गेटवेला जोडणारी केबल) बघा. शॉप बंद असताना सगळ्या मॉड्यूलची पॉवर काढा आणि ए व बी या दोन वायरींमध्ये मल्टिमीटरने ओहम मोजा. लाइनच्या दोन टोकांना प्रत्येकी १२० ओहमचं टर्मिनेशन (टोकाचा रेझिस्टर) असतं, म्हणून साधारण ६० यायला हवेत. १२० आले तर एक टोक मोकळं. खूप जास्त आले तर टर्मिनेशनच नाही. एका ठिकाणी मला २० आले होते: सहा मॉड्यूल, आणि सहाच्या सहांवर टर्मिनेशनचा डिप स्विच चालू, कारण लावणाऱ्याला वाटलं चालू म्हणजे चांगलं. दिवसा कसंबसं चालायचं, रात्री वेल्डिंगचं काम सुरू झालं की लाइन बसायची.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे फांद्या. पॅनलपासून प्रत्येक मशिनला वेगळी केबल अशी लाइटच्या वायरिंगसारखी जोडणी इथे चालत नाही. केबल एका मशिनवरून पुढच्या मशिनवर, मग पुढच्या, अशी माळेसारखी गेली पाहिजे. पिळाची शील्डेड केबल वापरा, शील्ड एकाच टोकाला अर्थ करा, दोन वायरींसोबत कॉमनची तिसरी वायरही न्या, आणि व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) मोटर केबलसोबत एकाच ट्रेमध्ये घालू नका. ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. ए आणि बी ची नावं कंपनीगणिक उलटी असतात, तेव्हा एखादं नवीन मॉड्यूल अजिबात बोलत नसेल तर दोन वायरी अदलाबदल करून बघा. त्याने काही जळत नाही.

‘परवा मॉड्यूल बदललं तेव्हापासून दोन मशिनचे आकडे एकमेकांत मिसळतात’ असं कोणी म्हटलं की मी न जाताच सांगतो: नवीन मॉड्यूलचा आयडी कंपनीतून आला तसाच एक आहे आणि लाइनवर आधीच एक नंबर आहे. आयडी, स्पीड आणि पॅरिटी पॅनलच्या दाराच्या आत स्केचपेनने लिहून ठेवा.

मॉडबसमध्ये (मॉड्यूल आणि गेटवे या लाइनवर बोलतात त्या भाषेत) पुस्तकातलं ४०००१ म्हणजे वायरीवरचं शून्य, त्यामुळे एकाने पुढचं रजिस्टर वाचलं जाणं फार होतं. आणि ३२ बिटांचा काउंट दोन रजिस्टरमध्ये येतो, त्यांचा क्रम उलटा धरला तर एक नग झाल्यावर ६५,५३६ दिसतात, दोनला १,३१,०७२. एवढे गोल आकडे दिसले की सेन्सर सोडा, क्रम फिरवा.

पाळी चुकते, बेरीज नाही

हे चटकन सांगतो. सर्व्हर यूटीसी (ग्रीनिचच्या) वेळेवर चालत असेल आणि दिवस त्याच्या मध्यरात्री बदलत असेल, तर आपल्याकडे तो पहाटे साडेपाचला बदलतो. सात वाजता संपणाऱ्या थर्ड शिफ्टचे शेवटचे दीड तास मग पुढच्या तारखेत जातात. फरक बरोबर साडेपाच तासांच्या हिशोबात बसला की समजायचं. साठवताना यूटीसी राहू द्या, पण पाळीचा दिवस सात ते सात असा स्वतंत्र बांधा.

आणि गेटवे म्हणून रास्पबेरी पाय (हाताएवढा छोटा संगणक) लावला असेल तर वीज गेल्यावर त्याचं घड्याळ थांबतं. पाय ४ पर्यंत त्यात घड्याळाची चिपच नाही, पाय ५ मध्ये आहे पण बॅटरी वेगळी जोडावी लागते. शुक्रवारी सकाळी राउटर सुरू होईपर्यंत तो बुधवारच्या रात्रीतच जगत असतो, आणि तेवढ्या वेळात आलेले नग बुधवारच्या सेकंड शिफ्टला जाऊन चिकटतात. भोसरीत शुक्रवारचं भूत गेल्यानंतरही महिनाभर सुपरवायझर म्हणत होता, की बुधवारचा रिपोर्ट शुक्रवारी बदललेला दिसतो. आम्ही हसण्यावारी नेलं. तो बरोबर होता. दीडशे-दोनशे रुपयांचं आरटीसी (बॅटरीवरच्या घड्याळाचं) मॉड्यूल लावलं, आणि वेळ जुळल्याशिवाय डेटा पुढे न पाठवता आत साठवून ठेवायचा अशी अट घातली.

आज त्या शॉपमध्ये अकरापैकी दहा मशिन पाळीला पाच-सहा नगांच्या आत जुळतात. अकरावं आहे मामांचं पाच नंबर, जुनं हायड्रॉलिक. तिथे काउंट प्रेशर स्विचवरून घेतलाय आणि तेल तापलं की प्रेशर काठावर नाचतं, दुपारी तीननंतर आकडा वाढायला लागतो. फिल्टर वाढवून बघितला, थोडाच फरक पडला. आता रॅमच्या खालच्या टोकाला प्रॉक्सी लावायचा आहे, ब्रॅकेट वेल्ड करायला मशिन थंड आणि बंद पाहिजे, म्हणून येत्या गुरुवारी जाणार आहे. तोपर्यंत मामा पॅनलच्या दारावर खडूने पाच-पाचच्या रेघा मारतायत, आणि सुपरवायझर पाच नंबरचा आकडा तिथूनच घेतो.